कमळाबाईचा गुलाबी गोळा

भद्रावतीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या मंडळींनी गावाच्या कडेला घरांची जी ओळ बांधली आहे, त्या ओळीत गुरुवारी सकाळी कमळाबाईकडे विरजण मागायला कुणी जात नाही. गेलंच तर विरजण मिळतं, पण बाई तुमच्याकडे बघत नाही. तिचा एक पाय खुर्चीवर असतो आणि ती मोजा चढवत असते. साधी पाचवारी साडी, ठसठशीत कुंकू, आणि पायांत नातवाचे क्रिकेटचे पांढरे मोजे. नवीन माणसाला वाटतं, बाईला थंडी वाजते. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात!

मोज्यांचं कारण असं, की चंद्रपूरच्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर गेम झोन आहे आणि तिथे भाड्याचे बूट मोज्यांशिवाय देत नाहीत. ते बूट घातल्याशिवाय लेनवर पाय ठेवू देत नाहीत. आणि त्या लेनवर कमळाबाई बोलिंग खेळते. म्हणजे लांब, तेलकट चकचकीत पट्टी, टोकाला बाटल्यांसारख्या दहा पिना उभ्या. आपण इकडून भोकांत तीन बोटं खुपसून जड गोळा उचलायचा, घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना नाली. गोळा नालीत गेला की फुकट गेला. एवढाच खेळ.

"पाडाच्या, मंग मशीन परत उभ्या करते, मंग परत पाडाच्या," असं कमळाबाईनं समजावलं तेव्हा तिचा नवरा गोपालभाऊ म्हणाला होता, "परत उभ्याच कराच्या हायेत तं पाडता कायले?"

"तुमी रोज दाढी कायले करता?"

त्या दिवसापासून गोपालभाऊनं खेळाबद्दल काही विचारलं नाही. पण मनातून गुरुवार त्याला सलत होता. गुरुवारी दुपारचा चहा त्याला स्वतः करावा लागे, आणि त्याच्या हातचा चहा त्याला स्वतःलाच आवडत नसे.

बाईला हा नाद लागला तो नातवाच्या वाढदिवसाला. सून रंजीता सगळ्यांना मॉलमध्ये घेऊन गेली. लेकरांनी हलके, रंगीबेरंगी गोळे उचलले. कमळाबाईला कुणी गोळा दिला नाही, कारण आजी खेळेल असं कुणाला वाटलंच नाही. तिनं स्वतःहून रॅकवरचा सगळ्यात खालचा काळा गोळा उचलला. त्याच्यावर चौदाचा आकडा होता. तिला वाटलं, मोठ्या माणसांचा तो हाच. पदर खोचला, दोन पावलं टाकली आणि गोळा सोडला. दहाच्या दहा पिना आडव्या! वरच्या पडद्यावर दिवे नाचायला लागले, कर्कश गाणं सुरू झालं, आणि घरची मंडळी केक विसरून आजीकडे बघत राहिली. ती तेव्हाच त्यांच्या हातून गेली.

मग तिनं दोन सोबतिणी जमवल्या. एक सोमारीबाई. ती मूळची एटापल्लीकडची, दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली, बोलायला कमी पण बोलली की माणूस आठवडाभर खाजवत बसेल अशी. दुसरी साधना, अंगणवाडीवाली, वयानं लहान. ती गुरुवारी अंगणवाडीतून सुटली की थेट स्टँडवर येते. एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं, हे सरकारनं कमळाबाईच्या बोलिंगसाठीच केलं असावं अशी तिघींची समजूत आहे.

आता काळ्या गोळ्याचं ऐका. गेम झोनमध्ये तो गोळा उचलणारी बाई एकच. तिथली मॅनेजर पुनम नव्या गिऱ्हाइकांना हळूच दाखवायची, "ते काकू बघा, चौदावाल्या." हे कमळाबाईला ऐकू जायचं. ऐकू गेलं नाही असं दाखवत ती पुढचा गोळा आणखी जोरात टाकायची.

हा तोरा तिनं माहेराहून आणला होता. माहेर कुरखेड्याकडचं, धानाच्या मुलखातलं. तिकडे कापणी झाली की बाया भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर नेतात. भारा बांधणारा माणूस बाईकडे एक नजर टाकतो आणि त्या मापानं बांधतो. ज्या बाईनं एकदा "मले हलका बांध" म्हटलं, तिला दुसऱ्या दिवशी कुणी भारा देतच नाही. लेकरं सांभाळायला तिला मोहाच्या झाडाखाली बसवतात. बोलत काही नाहीत, पण एकदा मोहाखाली बसलेली बाई पुन्हा बांधावरून चालताना दिसत नाही. कमळाबाईनं आपली सख्खी चुलती अशी बसलेली बघितली होती. तेव्हापासून हलकं मागणं म्हणजे बसणं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

म्हणून मागच्या वर्षी सोमारीबाईनं खांदा दुखतो म्हणून आधीचा जड गोळा सोडून आठ आकड्याचा गुलाबी गोळा घेतला, तेव्हा कमळाबाईनं तिची पाठ सोडली नाही. "काऊन वो सोमारीबाई, अंडं देऊन राह्यली का?" "हळू ठेव, पिल्लू निघन त्यातून." सोमारीबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं ते जपून ठेवलं.

आणि या हिवाळ्यात कमळाबाईचं उजवं मनगट दुखायला लागलं.

आधी तिनं कुणाला सांगितलं नाही. हळद-तेल चोळून झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून हाडजोडीची वेल कुटून फडक्यात बांधली. मनगट सुजलं म्हणून त्या हातातल्या बांगड्या काढल्या, तर सारी ओळ विचारायला लागली. "फॅशन हाये," असं सांगून तिनं वेळ मारून नेली. गुरुवारी मात्र काळाच गोळा. टाकताना ओठ दाबून धरायची आणि साधनाला वाटायचं, काकी नेम धरून राह्यल्या.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवरून उतरवताना हातातून सुटला. वरण ओट्यावरून खाली, खालून गोपालभाऊच्या चपलेत. गोपालभाऊनं चप्पल बघितली, मनगट बघितलं, आणि त्या दिवशी कोरडा भातही तो इतक्या आनंदानं जेवला की रंजीतानं त्याच्याकडे दोनदा वळून बघितलं.

दवाखान्यात तो स्वतः घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी मनगट वाकवून बघितलं, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, पट्टा दिला आणि सांगितलं, "जड उचलू नका. हाताला जपा. खेळायचंच असेल तर हलका गोळा घ्या." यातलं पहिलं वाक्य गोपालभाऊनं ऐकलं आणि शेवटचं तिथेच टेबलावर ठेवून तो बाहेर पडला. घरी येईपर्यंत पानठेल्यावर, किराणा दुकानात आणि शेजारच्या फाटकाशी त्याची एकच बातमी, "डॉक्टरनं खेळ बंद केला." एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण त्यानं पत्तेवाल्या मित्रांना आमंत्रणही देऊन टाकलं. "आता गुरुवारी आपल्याकडेच बसत जाऊ. घरी हाये ते. भजे करन."

भज्यांची बातमी कमळाबाईला पानठेल्यावाल्याच्या बायकोकडून कळली. घरी येऊन तिनं पिशवी टेकवली.

"गुरुवारचे भजे कोन करून राह्यलं?"

"आता तू घरीच राह्यशीन ना," गोपालभाऊ पेपरमागून म्हणाला. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं, जड उचलाचं नाई."

"हाव. सांगतलं."

"मंग गुरुवार बंद."

"हाव. आन् शुक्रवार?"

"शुक्रवारी काय हाये?"

"शुक्रवारी चादरी हायेत. ओल्या चादरी पिळा लागते. शनिवारी तांदळाचा डबा खाली उतरवा लागते. रोज पाण्याच्या बादल्या हायेत. रोज कणीक हाये. ते काय कापसाचं हाये?"

"ते घरचं काम. घरच्या कामानं हात नाई दुखत."

"कोनं सांगतलं?"

"माह्या मायचा कधी दुखला नाई."

"दुखे. तुमाले सांगतलं नाई तिनं."

रंजीता ओढणी तोंडावर धरून स्वयंपाकघरात पळाली. कमळाबाईनं पट्टा बांधलेला हात पुढे केला. "डॉक्टरीणबाई जड म्हणली. गोळा नाई म्हणली, बादली नाई म्हणली. जड म्हणली. तं मंग सारंच जड बंद. बादल्या तुमच्या, चादरी तुमच्या, कणीक तुमची. पोळ्या रंजीता लाटन. मी वरण फोडणीले टाकीन, तेबी गंज तुमी उतरवसान तं."

गोपालभाऊला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. पण दोन दिवसांत राग गेला नाही, उलट कणकेची परात रोज ठरल्या वेळी त्याच्यासमोर येत राहिली. पहिल्या दिवशी त्यानं मळलेली कणीक परात उलटी केली तरी सुटेना. दुसऱ्या दिवशीची सुटली, आणि ओट्यावरून वाहायला लागली. शेजारच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं. खिडकी मुद्दाम उघडली होती असं कुणी म्हणू नये, त्या दिवशी उकडतच फार होतं.

तरी गोपालभाऊ हरला नव्हता. बायकोचा तोरा तो सगळ्यांपेक्षा जास्त ओळखून होता. चादर पिळता पिळता तो सहज म्हणाला, "आन् जाशीन तं खेळशीन कायनं? त्या गुलाबीनं?"

कमळाबाईनं मनगटावरचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा आवळला.

"सोमारीले अंडं म्हणे, ते तूच ना वो?"

ती तिथून उठून गेली. गोपालभाऊनं चादर झटकली आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घातली. त्याचा सगळा डाव एवढ्यावर उभा होता. ही बाई काळा उचलू शकणार नाही आणि गुलाबी उचलणार नाही. मग गुरुवार आपोआप घरी. त्यानं पत्तेवाल्यांना पुन्हा एकदा कळवून टाकलं.

गुरुवारी मात्र कमळाबाईनं मोजे चढवले. त्या दिवशी साधा खेळ नव्हता. खाणीच्या कॉलनीतल्या बायांनी सामना ठरवला होता, तीन विरुद्ध तीन. त्यांची पुढारी मंजुषाबाई, स्वतःचे बूट घरून आणणारी आणि ते सगळ्यांना दिसतील असे हातात धरून चालणारी. एसटीत सोमारीबाईनं पट्ट्याकडे बघून विचारलं, "हात कसा हाये?" "हाताले काय झालं!" कमळाबाई म्हणाली आणि भांदकचा उड्डाणपूल मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

गेम झोनमध्ये तिनं रॅकवर वाकून काळा उचलला. उचलला कसला, पोटाशी धरून ओढला. पुनमनं लांबूनच मान डोलावली. कमळाबाईनं पावलं टाकली, हात मागे नेला, आणि अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ आली की गोळा सुटला तो थेट पायाजवळ. धाड! सगळा मजला हादरला. गोळा आळसावल्या म्हशीसारखा दोन हात चालला आणि नालीत जाऊन पडला.

"काकू, लागलं का?" पुनम धावत आली. तिनं आधी काकूंचा पाय बघितला आणि मग लेन बघितली, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या खेपेला गोळा रॅकवरून उठलाच नाही.

मंजुषाबाईनं हे बघितलं. मनानं वाईट बाई नाही ती. स्वतः एक खुर्ची ओढून आणली, बॅगेतला रुमाल काढून पुसली आणि म्हणाली, "कमळाबाई, बसा ना तुम्ही आरामात. तुमच्या बदली आमची एक देतो. तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा. आता वय झालं, नाही का?"

कमळाबाईनं त्या खुर्चीकडे बघितलं. प्लॅस्टिकची, लाल, पाठीला भोकं पडलेली. बसलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. उलट पाणी आणून दिलं असतं. पुढच्या गुरुवारीही खुर्ची आधीच पुसून ठेवली असती. आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी एवढ्या लांब टाळ्या वाजवायला कोण येतं? घरी भजे तळायचे असतातच.

"बूट भाड्यानं घेतले हायेत, बाई," ती म्हणाली. "बसून वापराले नाई घेतले."

आणि ती सरळ सोमारीबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"सोमारीबाई, तुहा गोळा दे."

"कोनता?"

"कोनता काय? तुहावाला."

"माहावाला कोनता? रंग सांग ना."

"गुलाबी."

"आयकू नाई आलं. मशीनचा आवाज लय हाये."

"गुलाबी!" कमळाबाई ओरडली. "गुलाबी गोळा दे मले!"

शेजारच्या लेनवरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली. पुनमनं गाणं बारीक केलं. सोमारीबाईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"तो तं अंडं हाये ना वो?"

"हाव. अंडंच हाये. दे."

"फोडशीन."

"फोडली तं ऑमलेट करून खाऊ दोघी. आता देतं का तोंडानंच खेळतं?"

तेव्हा कुठे सोमारीबाईनं गोळा तिच्या डाव्या हातात ठेवला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "एक वर्ष थांबली मी यासाठी." दोघी हसल्या. हसताना कमळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे विचारायची सोय नव्हती.

पण पुढे काय झालं? इतकी वर्षं चौदाची सवय झालेला हात, त्यात आला आठ. कमळाबाईनं नेहमीच्याच जोरानं झोका दिला, आणि गुलाबी गोळा लेनवर पडलाच नाही. तो हवेत गेला. मधली नाली ओलांडून शेजारच्या लेनवर उतरला, जिथे मंजुषाबाईची पाळी चालू होती, आणि तिच्या उरलेल्या सगळ्या पिना घेऊन आत गेला.

"अवो बाई!" मंजुषाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमच्या पिना कशाला पाडता?"

"तुमच्यानं पडून नोयत्या राह्यल्या म्हणून."

साधना पोट धरून खाली बसली. ती नागभीडकडची, धानाच्याच मुलखातली, तिच्या लगेच लक्षात आलं. "काकी, तुमी पुंजण्यावर पेंढी फेकून राह्यल्या!" धानाच्या पेंढ्या रचून जो उंच ढीग करतात तो पुंजणा, खाली उभी असलेली बाई वरच्या माणसाकडे पेंढी फेकते ती शेवटी मनगटाचा एक झटका देऊन. काळ्या गोळ्याच्या वजनाखाली तो झटका इतके दिवस दबून होता. हलकं हातात येताच हाताला माहेर आठवलं.

"मनगट हलवूच नोका," साधना म्हणाली. "हात नुसता खाली सोडा, झोक्यावानी."

सांगायला सोपं. पुढचे दोन गोळे नालीत गेले. कॉलेजच्या पोरांपैकी एकानं "आजी, कम ऑन!" म्हटलं, तर आजीनं त्याला सांगितलं, "तू तुह्या पिना पाह्य." तिसऱ्या खेपेला तिनं मनगट पट्ट्यात ताठ धरलं, हात सोडला आणि जोर लावायचा मोह गिळून टाकला. गोळा सावकाश निघाला. इतका सावकाश, की सोमारीबाईनं "पोचते का मुक्कामी राह्यते?" असं विचारून घेतलं. पोचला. एक पिन पडली, तिनं दुसरीला ढकललं, आणि बघता बघता सात आडव्या. मनगट दुखलं नाही. कमळाबाई आपल्या हाताकडे असं बघत राहिली जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

जिंकल्या का? नाही. थोडक्यात हरल्या, आणि ज्या थोडक्यात हरल्या ते थोडकं कमळाबाईच्याच नाल्यांमधलं होतं. पण ती शेवटच्या पाळीपर्यंत उभी राहिली. लाल खुर्चीवर मंजुषाबाईची पर्स बसली होती.

बूट सोडताना मंजुषाबाई आली. "छान खेळलात हो, या वयात."

"छान कुठी? हारली ना मी," कमळाबाई म्हणाली. "पुढच्या गुरुवारी या. आज मले हा गोळा नवा होता."

"पुढचा गुरुवार? तुम्हाला जमेल? घरी काही..."

"गुरुवार माहा हाये."

परतीच्या एसटीत निम्मी माणसं भद्रावतीची, ओळखीची होती. बस स्टँडमधून निघाली आणि गोपालभाऊचा फोन आला. कमळाबाईनं डाव्या हातानं फोन काढला. स्पीकरचं बटण दाबलं गेलं. चुकून की मुद्दाम, यावर ओळीत अजून दोन मतं आहेत.

"काय झालं?" गोपालभाऊचा आवाज सगळ्या बसभर गेला. त्याच्या मागे पत्ते पिसल्याचा आणि कुणीतरी खोकल्याचा आवाज. "उचलला का काळा?"

"नाई. पडला हातातून."

"मी सांगतलं होतं." आवाजात गूळच गूळ. "मंग बसली असशीन तिथी."

"बसली कायले? गुलाबीनं खेळली."

पत्त्यांचा आवाज थांबला.

"कायनं?"

"गुलाबीनं. आठ आकड्याचा. लेकरं खेळते तो. एक गोळा शेजारच्या लेनवर गेला, दोन नालीत गेले, आन् आमी हारलो. अजून काही विचाराचं हाये?"

मग गोपालभाऊनं अगदी हळू विचारलं, "मंग आता?"

"मंग आता पुढच्या गुरुवारी परत. त्याच्या पुढच्याबी गुरुवारी. तुमचे पत्तेवाले आले असतीन तं चहा तुमी करा. आन् त्याहिले सांगा, भजे पाहिजे असन तं बेसन हाये डब्यात."

फोन बंद झाला. कंडक्टर तिकिटाचं मशीन पोटाशी धरून तोंड वळवून हसत होता. पुढच्या सीटवरच्या, ओळीतल्याच दोन बाया वळून वळून बघत होत्या. सोमारीबाई कानाशी लागली.

"साऱ्या बसले आयकू गेलं वो."

"जाऊ दे," कमळाबाई म्हणाली, आणि डोकं सीटला टेकवून डोळे मिटले. "घरोघरी सांगत फिराचा तरास वाचला."